स्टेंट बसला, पण वडिलांची धास्ती जात नाही. योग आणि ध्यान कितपत व कसे करावे?

धुऱ्यावरची लेक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमचे गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात आहे. वडील एकसष्ट वर्षांचे असून आयुष्यभर त्यांनी वावरातच काम केले. गेल्या मार्गशीर्षात, हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री गेले असताना, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती, त्यामुळे ते एकटेच होते. छातीत दाटून आले, घाम सुटला, पण गॅस धरला असेल असे समजून ते धुऱ्यावर बसून राहिले. तिथून घरी यायला आणि पुढे नागपूर गाठायला मिळून सहा तास गेले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी झाली व एक स्टेंट बसला. नंतरच्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग (दर ठोक्याला हृदय बाहेर टाकते त्या रक्ताचे प्रमाण) ४५ टक्के, म्हणजे थोडे कमी, आले. गोळ्या वेळेवर चालू आहेत, डॉक्टरांनी रोज अर्धा तास सपाट रस्त्याने चालायला सांगितले आहे आणि प्रकृती समाधानकारक असल्याचे प्रत्येक तपासणीत सांगतात.

आता फाल्गुन लागला, तरी बाबांच्या मनातली भीती मात्र तिळभर कमी झालेली नाही. रात्री दोनच्या सुमारास त्यांना जाग येते, ते मनगटावर बोट ठेवून नाडी मोजतात आणि आईला उठवून शेजारी बसवून ठेवतात. ढेकर आली तरी त्यांना ती झटक्याची सुरुवात वाटते. दोन वेळा आम्ही गाडी करून त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेले आणि दोन्ही वेळा ईसीजी पूर्वीसारखाच निघाला. शेजारच्या वावरातल्या मोटारीचा आवाज रात्री कानावर पडला की त्यांना धडकी भरते, हे ते स्वतःहून कधी बोलत नाहीत, पण आम्हाला दिसते.

माझ्या काकाजींनी एका योगशिबिराच्या शिक्षकांना घरी आणले. रोज अर्धा तास कपालभाती केल्यास ब्लॉकेज मोकळे होतात आणि गोळ्या हळूहळू सोडता येतात, असे त्यांनी सांगितले. बाबांनी तीन दिवस ते केले. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन बसले, तेव्हा मी थांबवले. त्यानंतर गुरुदेव सेवा मंडळाच्या मंडळींनी पहाटेच्या सामुदायिक ध्यानाला येण्याचा आग्रह केला. तिथले वातावरण बाबांना आवडते, परंतु डोळे मिटून बसल्यावर आपल्याला फक्त आपल्या हृदयाचे ठोके ऐकू येतात आणि जीव अधिकच घाबरतो, असे ते म्हणतात.

माझे प्रश्न असे आहेत की, हृदयरुग्णाच्या मनावरचा ताण योगाने किंवा ध्यानाने खरोखर हलका होतो का, यांना चालेल असे त्यात नेमके काय आहे, टाळावे असे काय आहे, आणि शांत होण्यासाठी बसलेल्या माणसाची भीती ध्यानात उलट का वाढावी? आमच्या गावात प्रशिक्षित योगशिक्षक नाही, त्यामुळे जे काही सुचवाल ते घरी करता येण्याजोगे असावे, ही विनंती.


निवृत्त परिचारिका

ताई, मी सव्वीस वर्षे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात काम केले आणि आता हिंगणघाटजवळ गावी राहते. मी डॉक्टर नाही. त्यामुळे मी लिहीत आहे त्यातले काहीही सुरू करण्यापूर्वी ते बाबांच्या डॉक्टरांच्या कानावर घालावे.

कपालभाती थांबवलीत हे अगदी योग्य केलेत. त्या क्रियेत पोटाला झटके देऊन श्वास बाहेर फेकला जातो, छातीतला आणि पोटातला दाब भराभर बदलतो, नाडी वाढते. शिवाय वेगाने श्वास सोडत राहिल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात, आणि आधीच घाबरलेल्या माणसाला नेमकी हीच लक्षणे झटक्यासारखी वाटतात. भस्त्रिकेलाही, म्हणजे भात्यासारख्या जोरदार श्वसनालाही, हेच लागू आहे. श्वास रोखून धरण्याचा कुंभकही त्यांनी करू नये, कारण श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाबात एकदम चढउतार होतात. झटका येऊन गेलेल्या रुग्णाला शौचाच्या वेळी कुंथावे लागू नये म्हणून वॉर्डात आम्ही पोट साफ ठेवण्याचे औषध देत असू, ते याच कारणासाठी. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन अशी डोके हृदयाच्या खाली जाणारी आसने तर पूर्णपणे वर्ज्य समजावीत.

त्या शिक्षकांनी गोळ्या सोडण्याविषयी जे सांगितले, ते मला कपालभातीपेक्षाही धोक्याचे वाटते. स्टेंट हा धातूच्या बारीक जाळीचा असतो आणि त्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर दिलेले असते. झटक्यानंतर ही जोडी साधारणपणे वर्षभर चालते. ती मध्येच सोडली तर स्टेंट अचानक बंद होऊ शकतो. नाडी आवरून धरणाऱ्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्याही एकाएकी बंद करायच्या नसतात. ध्यान कितीही चांगले लागले तरी गोळ्यांची डबी जिथल्या तिथे राहिली पाहिजे.

आता ध्यानात भीती का वाढते, याविषयी. झटका येऊन गेलेला माणूस चोवीस तास स्वतःच्या छातीवर पहारा देत असतो. तुमचे बाबा रात्री नाडी मोजतात तो पहाराच आहे. अशा माणसाला डोळे मिटून, निवांत बसून, आत लक्ष द्या असे सांगितले की त्या पहारेकऱ्याच्या हाती आपण कंदीलच देतो. ठोका ऐकू येतो, ठोक्याची भीती वाटते, भीतीने शरीरात ॲड्रिनलिन वाढते, त्याने ठोका आणखी जोराने पडतो, आणि मग पहिल्या भीतीला पुरावा मिळाल्यासारखे होते. बाबांना ध्यान जमत नाही, असा अर्थ यातून काढू नका. सुरुवातीचे काही आठवडे लक्ष छातीपासून दूर, एखाद्या हालचालीवर किंवा आवाजावर ठेवायचे आणि डोळे उघडे राहू द्यायचे, एवढा बदल केला तरी पुष्कळ फरक पडतो.

घरी करता येईल असे सांगते. छपरीत पाठीला टेका असलेल्या खुर्चीवर बसवा, दोन्ही तळपाय जमिनीला टेकलेले असू द्या. प्रथम खांदे सावकाश वर-खाली करावेत, मनगटे आणि घोटे गोल फिरवावेत, मान डावी-उजवीकडे वळवावी. हात उचलताना श्वास घ्यावा, खाली आणताना सोडावा, म्हणजे श्वास आपोआप हालचालीला जोडला जातो आणि त्याच्याकडे वेगळे लक्ष द्यावे लागत नाही. यात सात-आठ मिनिटे जावीत. त्यानंतर नाकाने चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा, मध्ये कुठेही थांबू नये. असा एक श्वास दहा सेकंदांचा होतो, म्हणजे मिनिटाला सहा. चार-सहा जड गेले तर तीन-चार मोजावेत. श्वास ओढून-ताणून लांबवण्यात काही कमाई नाही. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे पुरे, पुढे दहापर्यंत न्यावे. श्वास सोडताना हृदयाचा वेग किंचित मंदावतो, हे निरोगी शरीराचे नेहमीचे काम आहे, आणि श्वास सोडण्याचा काळ लांबवल्यावर हृदयाला शांत करणाऱ्या व्हेगस नसेला अधिक वाव मिळतो. अनुलोम-विलोमही चालेल, मात्र कुंभकाशिवाय. भ्रामरी मला या रुग्णांसाठी विशेष आवडते, कारण गुंजारवाच्या आवाजात ठोक्याचा आवाज बुडून जातो आणि उच्छ्वास न सांगता लांबतो.

शेवटी दहा मिनिटे शवासन करावे. पाठीखाली लोड किंवा दोन उशा द्याव्यात. अगदी सपाट झोपल्यावर त्यांना दम लागत असेल तर ती हृदय थकल्याची खूण असू शकते आणि ते डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगायला हवे. उठताना आधी कुशीवर वळून, मग हाताचा आधार घेऊन बसावे, मिनिटभर बसून मगच उभे राहावे; या गोळ्यांवर असलेल्या माणसाला झटकन उभे राहिल्यास अंधारी येते, आणि अंधारी आली की बाबांची पुढची रात्र वाया गेली असेच समजा.


संत्र्याच्या बागेतून

ताई, मी वरुड तालुक्यातला शेतकरी आहे. सहा वर्षांपूर्वी माझी बायपास झाली. परिचारिकाताईंनी पहाऱ्याविषयी लिहिलेला परिच्छेद मी दोनदा वाचला, कारण माझी स्थिती तंतोतंत तीच होती आणि त्या वेळी ती मला कोणी समजावून सांगितली नव्हती.

शस्त्रक्रियेत छातीचे हाड कापून पुन्हा तारेने शिवलेले असते, ते सांधायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे त्या काळात मला हात मागे ओढण्याची, वजन उचलण्याची किंवा भुजंगासनासारखी छाती ताणणारी कोणतीही गोष्ट करायची मनाई होती. मी नुसता बसून असे, आणि बसलेल्या माणसाला विचार खातात. बागेवर कोळशी रोग आला होता, सोसायटीचे कर्ज थकले होते, मोठ्या मुलीचे लग्न ठरायचे होते. त्यात एका ओळखीच्यांनी मला डोळे मिटून हृदयात प्रकाश पाहायला सांगितले. मला प्रकाश दिसला नाही, तारेचे टाके तेवढे जाणवत राहिले.

शेवटी मला ज्याने उतार पडला ते अगदी साधे होते. माझी आई ज्या चालीवर नामजप करीत असे, त्या चालीवर मी चालताना नाम घेऊ लागलो. चार पावलांत श्वास आत, सहा पावलांत बाहेर, आणि बाहेर जाणाऱ्या श्वासावर नाम. बागेच्या धुऱ्याने एक फेरी झाली की खिशातला एक खडा दुसऱ्या खिशात टाकायचा. आरंभी चार खडे होत, दोन महिन्यांनी चौदा झाले. खडे मोजण्यात मन गुंतले की ठोके मोजायला ते मोकळे राहत नसे. बसून ध्यान मला वर्षभराने जमले, तेही कडुलिंबाखाली, डोळे अर्धे उघडे ठेवून.

आणखी एक विचारतो, रागावू नका. बाबा तंबाखूचा खर्रा खातात का? मी दिवसाला पाच पुड्या खात असे, आणि दवाखान्यातून आल्यावर, मन शांत होते या नावाखाली, दोनवर आणून तिथेच अडकून राहिलो होतो. तंबाखूतल्या निकोटीनने नाडी वाढते, रक्तदाब वाढतो आणि रक्तवाहिन्या आक्रसतात. पुडीचा अंमल उतरला की पुन्हा अस्वस्थ वाटते, आणि ती अस्वस्थता मी आजाराच्या खाती लिहीत होतो. सकाळी प्राणायाम करून दुपारी खर्रा घोटून आणणारा माणूस एका हाताने मोटार चालू करतो आणि दुसऱ्या हाताने पाइप फोडतो. सुटायला मला सात महिने लागले. तल्लफ आली की दहा लांब श्वास आणि तोंडात भाजलेली बडीशेप, एवढ्यावर मी ते दिवस काढले.


आकडे पाहणारा

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो आणि अमरावतीला राहतो. योगाने ब्लॉकेज उघडतात, हे वाक्य आपल्याकडे इतक्या आत्मविश्वासाने बोलले जाते की त्याच्या मुळाशी काय आहे, ते सांगणे मला गरजेचे वाटते.

१९९० साली अमेरिकेतले डॉ. डीन ऑर्निश यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका गटात २८ आणि दुसऱ्यात २० रुग्ण होते. पहिल्या गटाने वर्षभर अत्यंत कमी चरबीचा शाकाहार, धूम्रपान बंद, मध्यम व्यायाम, गटात बसून मन मोकळे करणे आणि योगासने-ध्यान यांचा समावेश असलेला तणावनियमनाचा कार्यक्रम, असे सगळे एकत्र पाळले. त्यांच्या रक्तवाहिन्यांचा अरुंदपणा सरासरी ४० टक्क्यांवरून ३७.८ टक्क्यांवर आला, तर नेहमीच्या उपचारांवर असलेल्या गटाचा ४२.७ वरून ४६.१ वर गेला. हा निकाल महत्त्वाचा खरा, पण वर्षभराच्या कडक पथ्यानंतरचा फरक दोन-अडीच टक्क्यांचा आहे, आणि त्यात योगाचा वाटा किती व जेवणाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. यातून अर्ध्या तासाच्या कपालभातीने नळी मोकळी होते, असा निष्कर्ष काढणे म्हणजे पोळ्याच्या तोरणावरून बैलाची किंमत ठरवण्यासारखे आहे.

झटक्यानंतरच्या योगाविषयी आपल्या देशातला एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. भारतातल्या २४ केंद्रांवर, नुकताच झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर तो झाला. निम्म्या रुग्णांना बारा आठवड्यांत तेरा सत्रांमधून सौम्य आसने, श्वसन, ध्यान आणि जीवनशैलीचा सल्ला दिला, उरलेल्यांना माहितीपत्रके व सल्ला. मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात किंवा तातडीने रुग्णालयात भरती होणे यांचे एकत्रित प्रमाण योगगटात ६.७ टक्के आणि दुसऱ्या गटात ७.४ टक्के निघाले, आणि हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान होता. रुग्णांनी स्वतःच्या प्रकृतीला दिलेले गुण योगगटात थोडे वर राहिले आणि पूर्वीच्या कामांवर परतण्यातही तो गट पुढे होता. ज्यांनी बहुतेक सत्रे पूर्ण केली त्यांच्यात त्रास बराच कमी आढळला, परंतु नियमितपणे येऊ शकणारा माणूस मुळातच अधिक सुदृढ असतो, हे तिथे विसरता कामा नये.

मला यातून एवढेच दिसते की, काकाजींच्या शिक्षकांनी सांगितले ते खरे नाही, आणि तुम्हाला जे हवे आहे, म्हणजे बाबांनी धीर धरावा आणि पुन्हा वावरात जावे, त्यासाठी मात्र योगाचा उपयोग होण्याजोगा आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१७ साली ध्यानाविषयी असेच म्हटले की, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ते करून पाहता येईल, त्यांच्या जागी नाही.

वरच्या दोघांच्या अनुभवाला पुष्टी देणारी एक गोष्ट सांगतो. २००१ साली इटलीत २३ निरोगी माणसांवर एक छोटा प्रयोग झाला. कॅथलिकांची लॅटिन जपमाळ किंवा ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणताना श्वासाचा वेग मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि रक्तदाब सावरणारी शरीरातली यंत्रणा अधिक तत्पर होते, असे त्यात आढळले. वरुडच्या भाऊंच्या आईची नामजपाची चाल मी ऐकलेली नाही, पण चार आणि सहा पावलांचा त्यांचा हिशेब याच घरातला दिसतो. आणि शवासनाविषयी म्हणाल, तर १९६९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना ते शिकवून निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. अनेकांचा रक्तदाब उतरला आणि काहींची औषधे कमी करता आली. ती कमी डॉक्टरांनी केली होती, रुग्णांनी नव्हे.


धुऱ्यावरची लेक

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. खर्ऱ्याचा अंदाज दुर्दैवाने खरा निघाला. आईने विचारल्यावर, दिवसातून एक पुडी गुरांच्या गोठ्यात लपवून ठेवलेली असते, हे बाबांनी कबूल केले.

दोन शंका उरल्या आहेत. पहिली, रात्री दोन वाजता त्यांना घाबरून जाग येते, त्या क्षणी काय करावे? आणि दुसरी, छातीत दुखले तर ते भीतीचे की हृदयाचे, हे घरच्यांनी कसे ओळखावे? श्वसनाने बरे वाटेल म्हणून वाट पाहत बसलो आणि ते खरोखरच हृदयाचे निघाले, तर काय, या विचाराने आता मलाच झोप लागत नाही.


निवृत्त परिचारिका

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देते, कारण त्यात चूक परवडणारी नाही. घाबरण्याचा जोर साधारण दहा मिनिटांत शिगेला जाऊन ओसरतो, सोबत हातापायांना मुंग्या येतात. हृदयाचे दुखणे बहुधा श्रम केल्यावर येते, दाबल्यासारखे वाटते, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाते आणि घाम फोडते. पुस्तकात हा भेद स्पष्ट दिसतो, खाटेवर पडलेल्या माणसात तो इतका स्पष्ट नसतो. माझ्यासमोर अनुभवी डॉक्टरही ईसीजी काढल्याशिवाय मत देत नसत, मग घरच्यांनी ती जोखीम का घ्यावी? दुखणे नवीन असेल, नेहमीपेक्षा वेगळे असेल, घाम, दम किंवा ओकारी सोबत असेल, तर त्यांना बसवा. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीतल्या दुखण्यावरची गोळी, लिहून दिली असेल तर बसलेल्या स्थितीतच एक गोळी जिभेखाली ठेवा, कारण तिने रक्तदाब उतरतो आणि उभा माणूस पडू शकतो. आणि पाच मिनिटांत उतार पडला नाही तर १०८ ला फोन करा. त्या पाच मिनिटांत लांब श्वास जरूर घ्यावेत, पण फोन करण्याऐवजी नव्हे. ईसीजी पूर्वीसारखाच निघाला म्हणून दवाखान्याची खेप वाया गेली, असे घरात कोणी बोलू नये. पुढच्या वेळी बाबा बोलायला संकोचतील.

रात्रीच्या जागेविषयी आधी गोळ्यांची वेळ तपासा. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी दिली जात असेल तर त्यानेच दोनला जाग येत असेल, आणि मेटोप्रोलॉलने काहींना विचित्र स्वप्ने पडतात. वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा, स्वतः बदलू नका. जाग आल्यावर छातीत दुखत नसेल तर दिवा लावावा, उठून बसावे, तळपाय जमिनीवर टेकवावेत. फरशी गार आहे, पंखा फिरतो आहे, गोठ्यात घंटा वाजते आहे, असे बाहेरचे जे जे ऐकू येते ते मनात म्हणावे, आणि मग वीस लांब उच्छ्वास मोजावेत. नाडी मोजणे एकदम बंद होणार नाही. त्यासाठी सकाळची एकच वेळ ठरवा आणि आकडा वहीत लिहा. रात्री मोजावीशी वाटली तर उद्या सकाळी वहीत येईलच, असे आईने म्हणावे.

मोटारीच्या आवाजाने धडकी भरते, हे मात्र मला साध्या काळजीच्या पुढचे वाटते. ज्या प्रसंगी जिवावर बेतले, त्या प्रसंगाची खूण शरीराने पकडून ठेवलेली असते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर साधारण पाचातला एक रुग्ण नैराश्याच्या आजारात जातो आणि तो गोळ्या, पथ्य, चालणे, सगळ्यांत मागे पडतो. आणखी महिनाभरात फरक पडला नाही, भूक आणि बोलणे कमी झाले, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे ते बोलले, तर शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेला १४४१६ वर फोन करा किंवा सेवाग्राम, सावंगी इथल्या रुग्णालयांपैकी सोयीच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगण्याच्या कंटाळ्याचा शब्द निघाला तर महिना संपण्याची वाट मुळीच पाहू नका. हृदयरुग्णाला चालतील अशी औषधे असतात; त्यांना फक्त चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवावी लागते.


पहाटेचा योगवर्ग

मी यवतमाळ जिल्ह्यात शाळकरी मुलांना आणि ज्येष्ठांना योग शिकवतो, आणि माझ्या व्यवसायातल्या एकाने गोळ्या सोडायला सांगितले, याची मला लाज वाटते. वर लिहिले गेले आहे त्यात मी थोडीच भर घालतो.

सामुदायिक ध्यानाला बाबांनी जात राहावे. डोळे मिटण्याची सक्ती तिथे कोणी करणार नाही; समोर लावलेल्या समईकडे किंवा तसबिरीकडे पाहत, भिंतीला पाठ टेकून बसावे, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत तर मोठ्याने म्हणावे, कारण सगळ्यांबरोबर लयीत म्हणताना उच्छ्वास लांबतो आणि माणूस एकटाही उरत नाही. मांडी घालून गुडघे दुखत असतील तर खुर्ची मागावी. खुर्चीवर बसलेल्याचे ध्यान कमी प्रतीचे असते, असे मानणारे आमच्यातही आहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

पुढे चैत्र-वैशाख येतो आहे. आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा सूर्य वर आल्यावर कोणताही अभ्यास करू नये. घामाने पाणी जाते, त्यात रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या असतात, मग चक्कर येते. पंपिंग कमी असलेल्यांना पाणी किती प्यावे, हेही डॉक्टरांनी ठरवून दिलेले असते, तेव्हा उन्हाळ्यापुरते ते पुन्हा विचारून घ्यावे. जेवणानंतर दोन-तीन तास आसने नकोत. अभ्यास चालू असताना बाबांना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दम लागून वाक्य तुटले तर त्या दिवसापुरते तिथेच थांबावे.


धुऱ्यावरची लेक

पाच आठवड्यांनंतर लिहीत आहे. डॉक्टरांना सर्व दाखवले. त्यांनी खुर्चीवरचा अभ्यास, लांब श्वास आणि भ्रामरी यांना होकार दिला, लघवीच्या गोळीची वेळ सकाळची केली आणि सॉर्बिट्रेट लिहून दिली. ती आता बाबांच्या सदऱ्याच्या खिशात असते.

भ्रामरी त्यांना आवडली. आईला ती मुळीच आवडली नाही, कारण पहाटे पाचला घरात भुंगा शिरल्यासारखे वाटते. परंतु आता तीही सोबत बसते. खड्यांची युक्ती बाबांनी वरुडच्या भाऊंकडून घेतली, फक्त खड्यांऐवजी तुरीचे दाणे वापरतात. रात्रीची जाग आठवड्यातून दोन-तीनदा येते, पूर्वी रोज येत असे. नाडीची वही सुरू झाली आहे, पण वहीत लिहिलेल्या आकड्यांपेक्षा ते जास्त वेळा मोजतात, अशी मला दाट शंका आहे. खर्रा दिवसाआड एकवर आला आहे. काकाजी आमच्याशी अजून बोलत नाहीत.

परवा दुपारी ते माझ्या भावाबरोबर वावरात गेले आणि मोटारीचे बटण त्यांनी स्वतः दाबले. तोंडाने काही पुटपुटत होते, असे भाऊ म्हणाला. पाणी पाटात उतरेपर्यंत ते तिथे थांबले. रात्रीच्या ओलिताला जायचे नाही, हे मात्र आम्ही आणि त्यांनी मिळून ठरवले आहे, आणि यंदा दिवसाची वीज कोणत्या आठवड्यात आहे, ते विचारायला भाऊ उद्या तालुक्याला जाणार आहे.